गाळावरचा बुटका लव्हाळा

दिवाळीच्या पहाटे आपण उटणं लावतो, त्यात चंदन, वाळा, गवला कचोरा यांच्याबरोबर नागरमोथा असतो. शिकेकाईच्या पुडीतही तो असतो. मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानात नागरमोथा मागितला तर काळपट, गाठीगाठींचे, सुवासिक तुकडे कागदात बांधून मिळतात. पण हा नागरमोथा कुठे उगवतो, त्याचं रोप कसं दिसतं, हे विचारलं तर बहुतेक जणींना सांगता येत नाही. आम्हालाही काही वर्षांपूर्वीपर्यंत ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. आमच्यातल्या एकीच्या माहेरी शेती आहे. तिला मात्र ठाऊक होतं, कारण मोथा उपटता उपटता तिच्या आईची कंबर गेली. वर पात उपटली तरी खाली गाठ राहते आणि आठवड्यात पुन्हा हिरवं डोकं वर येतं.

आज आम्ही बोलणार आहोत त्या नागरमोथ्याच्या एका धाकट्या भावंडाबद्दल. ते उटण्यात पडत नाही, बाजारात मिळत नाही, शेतकऱ्याला त्रास देत नाही. त्याला मराठी नाव असल्याचं आमच्या ऐकिवात नाही. आम्ही त्याला बुटका लव्हाळा म्हणतो.

आधी आम्ही कोण ते सांगतो. आम्ही सात-आठ जणी दर रविवारी सकाळी पुण्याच्या नद्यांच्या आणि तळ्यांच्या कडेने फिरतो. एक निवृत्त शिक्षिका, एक बँकेतली, एकीचं पोळीभाजी केंद्र आहे, दोघी नुकत्याच आजी झाल्या आहेत. वनस्पतीशास्त्राची पदवी आमच्यात एकीकडेच आहे. बाकीच्या आम्ही तिच्यामागून वाकून बघतो. पक्षी बघायला जाणारे लोक वर बघतात, आम्ही खाली बघतो, एवढाच फरक. त्यामुळे आमच्या चपला नेहमी चिखलाच्या आणि घरच्यांची बोलणी नेहमीची.

लव्हाळा हे गवत नव्हे, ही पहिली गोष्ट. दिसायला गवतच, पण कूळ वेगळं. ओळखायची सोपी युक्ती आहे. दांडा अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून फिरवून पाहायचा. गवताची काडी गोल असते, ती सहज गरगरते. लव्हाळ्याची काडी बोटात अडते, कारण ती तीन धारांची असते. आडवी कापली तर त्रिकोण दिसतो. गवताच्या काडीला बांबूसारखी पेरं असतात आणि ती बहुधा आतून पोकळ असते. लव्हाळ्याला पेरं दिसत नाहीत आणि काडी आत भरलेली असते. पानंही तीन बाजूंना फुटतात, गवताची दोन बाजूंना. काही लव्हाळे या नियमाला फाटा देऊन गोल काडीचे असतात, पण दहातल्या आठ वेळा ही बोटांची परीक्षा चालते. लहान मुलांना शिकवून पाहा, तासभर शांत बसतात.

जगात या कुळाच्या पाच हजारांहून जास्त जाती आहेत. इजिप्तमध्ये ज्याच्यापासून कागद करत तो पपायरस हा लव्हाळाच, माणसाच्या डोक्यावरून उंच जाणारा. तमिळनाडूत पट्टामडईच्या रेशमासारख्या मऊ चटया विणतात त्याही लव्हाळ्याच्याच काड्यांच्या. राजस्थानात भरतपूरला सायबेरियातून क्रौंच यायचे, ते तिथल्या पाणथळीत चोच खुपसून लव्हाळ्यांचे कंद खायचे. २००२ नंतर ते तिथे आले नाहीत. आणि आपले तुकोबा! महापुराची गोष्ट सांगताना त्यांना आठवला तो लव्हाळाच. इंद्रायणीच्या काठी राहणाऱ्या माणसाने तो पुरानंतर उभा राहिलेला पाहिला असणारच, असं आम्हाला वाटतं.

आता आमचा बुटका. शास्त्रीय नाव सायपेरस मायकेलिॲनस, त्यातली आपल्याकडची उपजात पिग्मीअस. पिग्मीअस म्हणजे बुटका, तेव्हा आमचं नाव अगदीच मनचं नाही. मायकेलिॲनस हे फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञावरून. लिनियसने १७५३ मध्ये जगभरच्या वनस्पतींची यादी छापली, त्यात ही जात मिकेलीच्या नावाने आहे. म्हणजे ज्याला आपण साधं नावसुद्धा दिलं नाही, त्याचं बारसं पावणेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात होऊन बसलंय. युरोपातल्या नद्यांच्या आणि मासळीच्या तळ्यांच्या उघड्या पडलेल्या गाळावर तो उगवतो, तिथे तो आता पुष्कळ ठिकाणी दुर्मीळ आहे.

बोटभर ते वीतभर उंचीचा, मऊ पानांचा झुबका असतो. एका मुळातून पुष्कळ काड्या निघतात आणि चारी बाजूंना जमिनीलगत पसरतात. प्रत्येक काडीच्या टोकाला हिरवट-फिकट रंगाचा गच्च गोंडा, साधारण वाटाण्याएवढा किंवा थोडा मोठा. गोंड्याच्या खालून तीन-चार किंवा जास्त लांब पानं चांदणीसारखी बाहेर आलेली. वरून पाहिलं तर चिखलावर कुणी हिरव्या चांदण्यांची रांगोळी घातल्यासारखं दिसतं. नागरमोथ्यासारखी गाठ त्याला नसते, मुळं नुसती तंतूंची. त्यामुळे तो वर्षानुवर्षं एका जागी राहत नाही. बी रुजलं, वाढलं, दोन-तीन महिन्यांत गोंडा आला, बी पडलं, रोप वाळलं, संपलं. पुढच्या वर्षी त्याच जागी दिसेल याची खात्री नाही.

कारण त्याची जागाच तशी आहे. पाणी असताना ती तळ असते आणि पाणी उतरलं की जमीन होते.

शेतकरी घरातल्या मैत्रिणींना गाळपेर हा शब्द माहीत असेल. धरणाचं पाणी उन्हाळ्याकडे उतरायला लागलं की फुगवट्यातली जमीन उघडी पडते. तिच्यावर गाळ असतो, ओल असते. उजनीच्या फुगवट्यात अशा जमिनीवर लोक पिकं घेतात. पाणी परत यायच्या आत पीक काढायचं, नाहीतर गेलं. बुटका लव्हाळा हेच करतो. त्याचं बी पाण्याखाली, गाळात, अंधारात पडून असतं, कधीकधी कित्येक वर्षं. पाणी उतरलं, गाळावर ऊन पडलं, दिवसा गरम रात्री गार असं सुरू झालं, की ते बी जागं होतं. पाण्याखाली ते रुजत नाही. आणि जमीन कायमची कोरडी, कायमची उघडी राहिली, तर तिथे उंच गवतं, टाकळा, घाणेरी येतात आणि या बुटक्याला सावलीत मारून टाकतात. तेव्हा त्याला पाणी यायलाही हवं आणि जायलाही हवं. दर पावसाळ्यात पाणी येऊन मोठ्या झाडोऱ्याला बुडवणार, दर उन्हाळ्यात जाऊन याला जागा देणार.

बी एवढं बारीक असतं की खसखशीचा दाणा डोळ्यांपुढे आणा, साधारण तेवढंच. एका गोंड्यात अशी कितीतरी. चिखलाबरोबर ते पक्ष्यांच्या पायांना चिकटतं, म्हशीच्या खुराला चिकटतं, आमच्या चपलांनाही चिकटतच असणार. चार्ल्स डार्विनने हे पाहिलं होतं. त्याने एका छोट्या तळ्याच्या काठाजवळून तीन मोठे चमचे चिखल आणला. वाळल्यावर त्याचं वजन पावणेसात औंस, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आतच भरलं. तो चिखल त्याने आपल्या अभ्यासिकेत झाकून ठेवला आणि सहा महिने त्यातून उगवणारं एकेक रोप उपटून मोजलं. ५३७ रोपं आली. चहाच्या मोठ्या कपात मावेल एवढ्या चिखलातून!

आम्ही हे घरी करून पाहिलं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तळ्याच्या काठचा चिखल भरला, वर पाणी शिंपडत राहिलो, डबा गॅलरीत ठेवला. पहिले आठ दिवस काही नाही. सासूबाईंनी विचारलं, “हे काय लावलंयस?” सूनबाईंना उत्तर देता येईना. मग एके सकाळी डब्यावर हिरवी लव आली. कोणतं काय ते ओळखू येईपर्यंत महिना गेला. दोघींनी रोपं मोजली आणि दोघींची संख्या जुळेना, तेव्हा मोजणं सोडून दिलं. त्यात काही गवतं होती, काही चपटी पाणवनस्पतींची पिल्लं होती आणि तीन धारांच्या बारीक काड्याही होत्या. तुम्हीही करून पाहा. डब्याच्या तळाला भोक पाडू नका, ओल टिकायला हवी. पण पाणी वर साठूही देऊ नका, नुसता चिखल ओला राहिला पाहिजे. कडक ऊन नको, सकाळचं कोवळं ऊन पुरतं.

या काठावर बुटका एकटा नसतो. त्याच्या आसपास दुसरे लव्हाळे असतात, तांबूस तुऱ्यांचे, पांढऱ्या गोल बोंडाचे. ओल्या गाळात अळ्या, किडे, गोगलगायी असतात. त्यांच्यासाठी शेकाट्या लांब गुलाबी पायांवर तोलत चालतो, चिखल्या थांबत पळत असतो, धोबी शेपूट वरखाली करत असतो, हिवाळ्यात तुतवार येतो. बदकं लव्हाळ्यांचं बी खातात. गाळावर मुळांचं जाळं बसलं की पहिल्या पावसाचं पाणी तो गाळ लगेच धुऊन नेत नाही. एवढंसं रोप, पण हजारोंनी असतं, आणि दुसरं काही रुजायच्या आधी तेच उघडा गाळ झाकतं.

पुण्यात अशी जागा कुठे आहे? खडकवासला धरण १८७९ मध्ये पुरं झालं. त्याच्या मागच्या बाजूला पाणी उतरलं की मैलच्या मैल गाळ उघडा पडतो. पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला ही चार धरणं मिळून आपली तहान भागवतात आणि कालव्याने पुढे शेतीला पाणी जातं. तेव्हा आपण नळ सोडतो तेव्हा कुठेतरी तो काठ उघडा होत असतो. पाषाणचं तळं रामनदीवर आहे. ब्रिटिशांच्या काळात गव्हर्नरच्या बंगल्याला, म्हणजे आताच्या विद्यापीठाला पाणी मिळावं म्हणून त्याचा उपयोग होत असे. मुळा, मुठा, रामनदी यांच्या ज्या कडा अजून मातीच्या आहेत, तिथेही लव्हाळे आहेत. जिथे सांडपाणी जास्त तिथे जलपर्णीची दाट चटई होते, तिच्याखाली ना ऊन ना हवा. जलपर्णी आणि लव्हाळा या दोघांना एकाच नावाने “घाण” म्हणणारे लोक आम्हाला रोज भेटतात. एक सांडपाण्यावर पोसलेली परदेशी पाहुणी आहे, दुसरा इथला जुना राहिवासी आहे, पण लांबून दोन्ही हिरवंच दिसतं, हेही खरं.

आणि काही जागा गेल्यासुद्धा. सारसबागेतल्या गणपतीला आपण अजून तळ्यातला गणपती म्हणतो. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी खरंच मोठं तळं होतं आणि हे देऊळ त्यातल्या बेटावर होतं. आता हिरवळ आहे, भेळेच्या गाड्या आहेत. नावात तेवढं तळं उरलं.

त्या तळ्याच्या काठी कोणते लव्हाळे होते, कोण जाणे. पण या भागात कोणत्या वनस्पती होत्या याची नोंद करणारी माणसं पुण्यात होऊन गेली. थिओडोर कुक हे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ लिहिला, १९०१ ते १९०८ या काळात तो भागाभागाने लंडनला छापला गेला. बांधकाम शिकवणाऱ्या कॉलेजचा मुख्य माणूस लव्हाळ्याची बोंडं भिंगाखाली मोजत बसला होता, ही गोष्ट आम्हाला फार आवडते. त्याच काळात मार्शल वुड्रो हे गणेशखिंडीतल्या बागेचं काम पाहत. एका लव्हाळ्याच्या जातीला त्यांचं नाव दिलेलं आहे. गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये राज्याने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे, आघारकर संशोधन संस्थाही इथेच आहे. दोन्हीकडे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे संग्रह आहेत. ज्या शहरात लव्हाळ्यांचा एवढा अभ्यास झाला, तिथे लव्हाळ्याच्या जागेबद्दल बोलायला लाज वाटायचं कारण नाही.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या जवळच्या एका तळ्याला सुशोभीकरण करायचं ठरलं आहे. तळ्याचं नाव सांगत नाही, कारण बोलणी चालू आहेत. सगळ्या बाजूंनी दगडी पिचिंग, वर फरसबंद चालण्याचा मार्ग, बाकं, दिवे, आणि पाणी बारा महिने काठोकाठ राहील अशी व्यवस्था. चित्र फार देखणं आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक झाली तेव्हा आम्ही लव्हाळ्याबद्दल बोलायला उठलो. मागून एक काकू म्हणाल्या, “तुमच्या त्या गवतापायी आम्ही अंधारात ठेचकाळत चालायचं का?”

काकूंचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं नाही, तुम्हीही नेऊ नका. पुण्यात साठीच्या बाईला संध्याकाळी मोकळेपणाने चालायला जागा किती आहेत? रस्त्यावर फुटपाथ नाही, असेल तर त्यावर गाड्या. तळ्याकाठी दिवे हवेत, बाक हवेत, स्वच्छतागृह तर हवंच हवं. आमच्यातल्या दोघींचे गुडघे दुखतात, त्यांनाही सपाट वाट हवी आहे. दुसऱ्या एका ताईंनी डासांचं काढलं. ते त्यामानाने सोपं होतं. डेंग्यूचे डास घराजवळ साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होतात, कुंडीखालच्या बशीत, टाकीत, टायरात. दुसरे डास तुंबलेल्या सांडपाण्यात आणि डबक्यांत. उताराच्या काठावरून पाणी हळूहळू मागे सरकतं, ते तुंबत नाही. काठावर राडारोडा टाकून खड्डे केले तर मात्र डबकी होतात आणि राडारोडा आपणच टाकतो. कुणाच्या तरी बाथरूमच्या जुन्या फरश्या त्या तळ्याकाठी आम्ही ओळखल्या आहेत.

काकूंना आम्ही काय सांगितलं ते सांगतो. एक परात घ्या आणि एक उभं पातेलं घ्या. दोन्हींत काठोकाठ पाणी भरा. आता दोन्हींतलं पाणी एक बोट कमी करा. पातेल्यात काय दिसतं? कडेला एक बोट भिंत, बस्स. परातीची कड तिरकी असते, तिथे एक बोट पाणी उतरलं की सगळीकडून रुंद ओली पट्टी उघडी पडते. ती पट्टी म्हणजे बुटक्या लव्हाळ्याचं घर. मातीच्या उताराचं तळं ही परात आहे. दगडी उभ्या भिंतींचं तळं म्हणजे पातेलं. पाणी तेवढंच, उतरणंही तेवढंच, पण एकात पट्टी आहे आणि दुसऱ्यात नाही. आणि पातेल्यात पाणी बारा महिने काठोकाठ ठेवायचं म्हटलं, तर तेवढी भिंतसुद्धा उघडी पडणार नाही.

काकूंनी लगेच विचारलं, “मग वाट कुठे?” वाट वर. पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं त्या रेषेच्या बाहेर, पक्की, दिव्यांची, बाकांची. खालचा उतार मातीचाच राहू द्या. जिथे माती खचते आहे तिथे तेवढ्यापुरता दगड लावा, सगळ्या घेराला नको. उन्हाळ्यात दोन-तीन महिने तिथे चिखल दिसेल, थोडा वासही येईल, हे आम्ही लपवलं नाही. त्या बदल्यात शेकाटे दिसतील, हेही सांगितलं. काकू पुढच्या रविवारी आमच्याबरोबर आल्या. लव्हाळा त्यांना काही विशेष वाटला नाही. शेकाट्या आवडला. “पायात गुलाबी मोजे घातल्यासारखा दिसतो गं,” म्हणाल्या. अर्जावर सही केली.

हाच प्रश्न नदीला मोठ्या मापात आहे. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा यांच्या मिळून ४४ किलोमीटर काठाचा सुधार प्रकल्प महापालिकेने घेतला आहे, ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. त्यावर बाजूचं आणि विरोधातलं पुष्कळ बोललं गेलंय. पूर, झाडं, खर्च, सांडपाणी, हे सगळे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांवर आमच्यापेक्षा जाणकार माणसं बोलत आहेत. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर ज्यांच्या घरात आठवणीत आहे, आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत ज्यांच्या बिछान्यांखाली पाणी आलं, त्यांना नदीला शिस्त हवी असं वाटलं तर नवल नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की कोणत्याही काठाचा नकाशा समोर आला की त्यातला आडवा छेद मागा आणि पाहा, ही परात आहे की पातेलं. नकाशात निळी पूररेषा असते, साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. लाल असते, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. दर वर्षी पाणी जिथून जिथवर चढतं आणि उतरतं त्या पट्टीला मात्र रंग नाही. इंजिनिअरच्या दृष्टीने ती फक्त पाण्याच्या पातळीतला फरक असते.

कायद्यातही तिची अडचणच आहे. पाणथळींच्या संरक्षणाचे केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून नदीचं पात्र वगळलं आहे, आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही वगळले आहेत. म्हणजे खडकवासला बाहेर, मुठेचं पात्र बाहेर. पुणेकरांच्या रोजच्या पाहण्यातली बहुतेक ओली जागा या ना त्या कारणाने बाहेर. एकीकडे आपल्याच राज्यात नाशिकजवळचं नांदूर मध्यमेश्वर, जे एका बंधाऱ्यामुळेच तयार झालं, त्याला रामसर म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाला. माणसाने बांधलेल्या पाण्याकाठी निसर्ग वसतो, हे तिथे मान्य झालं. मग आपल्या तळ्याकाठी का नाही, हा प्रश्न आम्ही अर्जात लिहिला आहे. अर्जाची पोच मिळाली आहे.

लव्हाळा दुर्मीळ आहे का, असं एका पत्रकार मुलीने आम्हाला विचारलं. भारतभर पाहिलं तर नाही. तो दुर्मीळ असता तर आमचं काम सोपं झालं असतं, दुर्मिळाची बातमी होते. आम्हाला तो साधा आहे, पायाखाली आहे, म्हणूनच हवा आहे. आज युरोपात तो जिथे शोधावा लागतो, तिथेही तो एकेकाळी असाच नदीकाठचा नेहमीचा होता. तिकडच्या नद्यांना बांध घातले, काठ दगडांनी बांधले, पाण्याची पातळी एकसारखी ठेवली, आणि मग त्याचं नाव धोक्यातल्या जातींच्या याद्यांमध्ये आलं.

आणखी एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं, असं मघाशी म्हटलं. म्हणजे एखाद्या तळ्याचा काठ बरीच वर्षं बुडालेला असला, तरी पाणी एकदा नीट उतरलं आणि गाळ उकरून नेलेला नसला, तर तो परत उगवू शकतो. युरोपात मासळीची तळी रिकामी करतात तेव्हा असे बुटके लव्हाळे एकदम गालिच्यासारखे येतात, लोक बघायला जातात. गाळ काढायची मोहीम आपल्याकडे दर उन्हाळ्यात होते. तळ्याची खोली वाढायला ती हवीच. पण मधला गाळ काढा, काठचा वरचा थर खरवडून ट्रकमध्ये भरू नका. जेसीबी चालवणारा मुलगा हे ऐकतो, त्याला नीट सांगितलं तर. आम्ही सांगितलं होतं, त्याने एका बाजूचा काठ सोडला. बक्षीस म्हणून पोळीभाजी केंद्राचा डबा दिला.

आता कुठे आणि कधी बघायचं ते सांगतो. दिवाळीनंतर पाणी उतरायला लागतं, थंडी संपता संपता गाळ उघडा पडतो, तेव्हापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. उघड्या गाळाच्या अगदी ओल्या कडेला नाही, पाय रुततो. तिथून चार-पाच हात मागे, जिथे गाळाला बारीक भेगा पडायला लागल्या आहेत पण बोट लावलं तर गार लागतं, तिथे वाकून बघा. हिरव्या चांदण्या दिसल्या की काडी बोटात फिरवा. रोप उपटू नका, गोंडा मोबाइलवर जवळून टिपून ठेवा. आम्ही येत्या रविवारी सकाळी साडेसहाला निघणार आहोत, ज्यांना यायचं असेल त्यांनी केंद्रावर नाव कळवावं. चपला जुन्या घाला. पाण्याची बाटली आणि असेल तर भिंग घेऊन या. नात किंवा नातू असेल तर त्यालाही आणा, चिखल धुवायची तयारी मात्र घरी करून ठेवा.